तापाची रांग

सिकलसेल असलेल्या एका पोरीच्या ठणकत्या पायावर मी बर्फ ठेवला. सूज दिसली की बर्फ, हे स्काउटच्या शिबिरात शिकलो होतो. त्या शिबिरातलं एवढंच काय ते माझ्या डोक्यात राहिलं होतं, आणि ते नेमकं तिथे आठवलं.

आज हे सारं वर आलं ते कापरामुळे. बायकोने कपड्यांच्या पेटीत कापराच्या वड्या टाकल्या आणि तो नाकात चढणारा गार वास घरभर झाला. स्वाइन फ्लूच्या त्या श्रावणात अख्ख्या पनवेलला हाच वास होता. रुमालाच्या टोकाला कापूर आणि वेलदोडा बांधून शहाणीसुरती माणसं हुंगत फिरायची; समोरचा शिंकला की रस्ता बदलायची. शाळा बंद होत्या. हुकूम सोडायची सवय लागलेला मास्तर घरात मावतो थोडाच? आळीतल्या गणेश मंडळाच्या मुलांबरोबर मी सरकारी दवाखान्याच्या दारात स्वयंसेवक म्हणून उभा राहिलो. तापवाले एका रांगेत, बाकीचे दुसऱ्या, एवढंच काम. प्रार्थनेला लावतात तशी हातभर अंतराची रांग मी लावली. इतकी सरळ रांग मला शाळेत कधी जमली नव्हती, आणि सांगायला लाज वाटते, पण तिच्याकडे बघून मला धन्य वाटत होतं.

त्या सकाळी ती आली. डोंगराच्या पायथ्याच्या वाडीतून येऊन बाजारात कंटोली विकणारी, माझी नेहमीची भाजीवाली. कडेवर आठ-नऊ वर्षांची लेक, दोन्ही पाय लोंबत असलेली.

"मास्तर, हिला सिकल हाय. पाय धरलेत, रातीपासून ताप हाय. कार्ड बगा, ताप आला की लगेच आत घ्या म्हनून लिवलंय."

कार्ड एका पिशवीत होतं, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत. माझ्याजवळ तेवढा धीर नव्हता. "ताप आहे ना? मग इकडे," म्हणून मी तिला चाळीस खोकणाऱ्या माणसांच्या मागे उभं केलं. वर "अंतर ठेवा" हेही बजावलं. पोर कण्हू लागली तेव्हा मात्र मला दया आली, आणि माझी दया माझ्या शिस्तीपेक्षा भारी पडली. समोरच्या सरबतवाल्याकडून बर्फ आणून मी तिच्या सुजलेल्या घोट्यावर दाबला. त्या पोरीची किंकाळी मला अजून ऐकू येते.

आईने माझ्या हातावर फटका मारून बर्फ उडवला. "थंडीनंच रगत आडतंय तिचं! कुनी सांगितलं तुमाला?" तिने पदरात पाय गुंडाळले, चोळत राहिली, घोटघोट पाणी पाजत राहिली. अक्षरही वाचता न येणाऱ्या त्या बाईला जे पाठ होतं, ते त्या आवारात एकालाही ठाऊक नव्हतं. रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, गारठ्यात, तापात अडकून बसतात, आणि हाडं आतून फुटल्यासारखी दुखतात. अशा पोराला ताप म्हणजे धावत आत न्यायचं, आणि मी तिला सगळ्या तापाच्या मधोमध नेऊन ठेवलं होतं.

मग मी पेटलो. कार्ड घेऊन दारातल्या नावनोंदणीच्या टेबलाशी गेलो. टेबलावरच्याने मान वर न करता सांगितलं, "आधी फ्लूची तपासणी, मग बाकीचं." बाकीचं! मी आवाज चढवला, हुद्दा सांगितला, ओळखी काढल्या. त्याने पुढच्याला बोलावलं. मागे वळून बघतो तर माझी सरळ रांग मोडली होती. ती बाई लेकीला मांडीवर घेऊन थेट दवाखान्याच्या उंबऱ्यात बसली होती. "हितून उठनार नाय," एवढंच म्हणत होती. आत जाणारे अडले, बाहेर येणारे अडले, आणि गर्दी का तुंबली ते बघायला एक तरुण डॉक्टरीण आली. तिने खाली बसून कार्ड वाचलं. पाच मिनिटांत पोर वेगळ्या खोलीत खाटेवर होती, सलाईन चालू झालं होतं.

आजही माझं डोकं फिरतं. एका आजारासाठी गाव रुमाल बांधून फिरलं, मंडप उभे राहिले, फलक लागले; आणि दर पावसाळ्यात, दर थंडीत वाडीवरची चार-दोन घरं ज्याच्याशी झगडत होती, त्याच्यासाठी कुणी साधं कार्ड उघडून वाचलं नाही. साथ ओसरली तसे फलक उतरले, रुमाल धुऊन ठेवले गेले. तिच्या रक्तातलं दुखणं कुठे ओसरणार होतं? आपण घाबरलो तेवढ्याच आजाराला आजार म्हटलं. वाडीवरचं दुखणं जणू नव्हतंच, असं समजून पुढे निघालो.

त्या संतापात मी वर्तमानपत्राला जळजळीत पत्र लिहिलं. ते छापून आलं. दिवाळीनंतर कात्रण घेऊन बाजारात गेलो. पोर बरी होती. उन्हात पाय पसरून आईशेजारी पोत्यावर बसली होती. आई वजन करत होती, म्हणून कात्रण मी लेकीला दिलं. तिने बोट ठेवून, थांबत थांबत, शेवटपर्यंत वाचलं. मी कौतुकाची वाट बघत उभा.

"मास्तर," ती म्हणाली, "यात समदं तुमीच केलंय. दारात तर आई बसली व्हती."