कदम सर आणि दहा रबरबँड

पहिल्याच दिवशी कदम सरांनी माझ्या उजव्या मनगटात दहा रबरबँड चढवले. बागेची एक फेरी पळून झाली की एक डाव्या हातात. चौथ्या फेरीनंतर माझा आकडा हमखास हरवतो, हे मी त्यांना घाबरत सांगितलं होतं. "डोकं मोजत नसंल तर हाताला मोजू दे," ते म्हणाले.

सर मूळचे साताऱ्याकडचे, शाळेतून निवृत्त झालेले पीटीचे शिक्षक. जुईनगरला आमच्या सोसायटीसमोरच्या बागेत सकाळी पळायला शिकवत. जाड भिंगांचा चष्मा, आणि तो पडू नये म्हणून मागून बांधलेली बुटाची नाडी.

महिन्याभराने मी त्यांना विचारलं, "सर, मला एडीएचडी आहे, लक्ष एका जागी टिकत नाही. त्याची गोळी घेते. आता पळते, तर बंद करू का?"

"डॉक्टर म्हनले का बंद कर?"

"नाही."

"मग? मी चष्मा लावून पळतो. पळतो म्हनून चष्मा काढला, तर त्या नारळाच्या झाडावर जाऊन आपटंन."

मी मोठ्याने हसले. मी सहसा हसत नाही. पळाल्यावर डोकं तासभर शांत व्हायचं, हे खरं; पण ऑफिसची दुपार गोळीवरच निघायची. मला दोन्ही लागायचं. आईला हे पटवायला वर्ष गेलं होतं, सरांना एका मिनिटात कळलं.

सोसायटीच्या गणपतीत बक्षीस समारंभाला सरांच्या हातात माईक आला. "ही पोरगी बघा! डोक्याच्या गोळ्या खायाची. आज एकबी न्हाय. निस्तं पळून!"

टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत आईही वाजवत होती. घरी आल्यावर ती एवढंच म्हणाली, "सर कशाला खोटं बोलतील? मग मलाच का सांगतेस, लागते म्हणून?"

दुसऱ्या दिवशी मी सरांना गाठलं. बागेत सात नवी मुलं उभी होती.

"अगं, लोकांस्नी गोष्ट लागती," सर म्हणाले. "गोळीची गोष्ट कोन ऐकनार?"

"निदान आईला तरी खरं सांगा."

"सांगतो की. त्यात काय!"

रविवारी ते चहाला आले. आईने सरळच विचारलं, "सर, हिला गोळी लागते का हो?"

मी त्यांच्या चष्म्याच्या वाक्याची वाट पाहत होते. सरांनी चष्मा काढला, रुमालाने पुसला, पुन्हा घातला.

"पोरगी जिद्दीची हाय, वहिनी. सुटंल हळूहळू."

त्यानंतर मी त्या बागेत गेले नाही. नेरुळला पळते. गोळ्यांचं पाकीट महाप्याच्या ऑफिसात, माझ्या ड्रॉवरमध्ये असतं; आईला वाटतं, सुटली. सरांचे रबरबँड फेकायला काढले होते. पण चौथ्या फेरीनंतर आकडा अजूनही हरवतो.