अक्कांची अबोली

सकाळी कुंड्यांना पाणी घालत होते, तेव्हा पलूसहून थोरल्या दिरांचा, दादांचा फोन आला. "शोभा, ही गेली गं..." एवढंच बोलून त्यांनी फोन शेजारच्या कुणाकडे तरी दिला. ही म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई, अक्का. बाल्कनीतली अबोलीची फुलं होती नव्हती तेवढी खुडली, ओल्या रुमालात बांधली आणि सांगलीच्या विश्रामबागेतून मिळेल त्या गाडीने निघाले. त्याला आता दीड महिना झाला. रडून झालंय. आता सांगावंसं वाटतंय.

अक्कांच्या परड्यात, घरामागच्या मोकळ्या जागेत, नारळाच्या सावलीला अबोलीचा वाफा होता. बाकी सगळ्यांच्या दारी मोगरा. अक्का म्हणायच्या, "मोगऱ्याचं लय कौतुक, पण दुपारपातुर मान टाकतोय. माझी अबोली तीन दिस टिकती, आन बारा म्हैनं हिरवीगार." बी काढायचं असलं की वाळलेले तुरे ताटात ठेवून वर पाणी शिंपडायच्या. पाणी लागलं की बोंडं तडतड फुटायची. ताटावर फडकं टाकायला विसरल्या की स्वयंपाकघरभर बी, आणि अक्कांचं हसू. मी लग्न होऊन त्या घरात आले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात पिठाच्या डब्यात मला अबोलीचं बी सापडलं होतं.

पुढे माझे यजमान गेले. मी अजून पन्नाशीही गाठली नव्हती. फुलं माळू नकोस असं मला कुणीही सांगितलं नाही, तरी मी सोडली. कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करणारी, चार पुस्तकं वाचलेली बाई मी. पण लोक काय म्हणतील, हे मला कुणी शिकवावं लागलं नाही. वर्षश्राद्धाला पलूसला गेले, तर अक्कांच्या डोक्यातही फूल नाही. नवरा धडधाकट, दारात फुलांचा वाफा, आणि अंबाडा रिकामा! बायकांनी विचारलं की सांगायच्या, "फुलानं डोस्कं उठतंय." वासच नसलेल्या फुलानं! मी त्यांना परड्यात गाठलं. तेव्हा म्हणाल्या, "तू माळशील तवा मी माळीन. एकाच घरात आलोय न्हवं दोघी?"

मी चिडले. म्हटलं, "अक्का, हा हट्ट झाला. दादांना काय वाटेल?"

"त्यास्नी सांगितलंय. मिल्ट्रीत हुते ते, हुकूम कळतोय त्यास्नी."

हे दोन वर्षं चाललं. मीही काही कमी हट्टी नाही. मधेच त्यांनी मला एक रोप दिलं. सकाळचं ऊन, दुपारची सावली आणि मुळाशी पाणी साठू द्यायचं नाही, एवढं बजावून. ते फुललं आणि मग फुलायचं थांबलं. मी रोज पाणी घालत होते, खत घालत होते, सगळं व्यर्थ. एकदा अक्का सांगलीला आल्या, कुंडी बघितली आणि कपाळावर हात मारला. "वाळल्यालं तुरं तसंच ठेवलंस व्हय? बी धरलं की झाड निवांत बसतंय. खुड की गं! खुडलं की परत फुलतंय." उभ्या उभ्या सगळे तुरे खुडले आणि चहा न घेताच गेल्या.

पुढच्या महिन्यात झाड भरून आलं. त्याचा गजरा करून मी पलूसला नेला, अक्कांनीच माळावा म्हणून. त्यांनी दाताने दोरा तोडून गजऱ्याचे दोन तुकडे केले आणि पहिला माझ्या वेणीत खोवला. माझा हात वर गेला, पण गजरा मी काढला नाही. परतताना गाडीच्या काचेत मी सांगलीपर्यंत स्वतःलाच बघत होते. अक्का, तुम्ही मला माझी मी परत दिलीत. हे तोंडावर कधी बोलले नाही, म्हणून इथे लिहिते.

दादांचा फोन आला त्या दिवशी मी पोचले तेव्हा अक्कांना हिरवी साडी नेसवून मळवट भरला होता. मी रुमाल सोडला, तशा नानी पुढे झाल्या. या आमच्या चुलत सासूबाई, ऐंशीच्या पुढच्या, विशीतच नवरा गेलेला. "शोभा, तू न्हाई गं. सवाशिणीनं माळायचं असतंय." त्यांचं तरी काय चुकलं? साठ वर्षं त्या हेच पाळत आल्या होत्या. मी गुपचूप रुमाल शेजारणीपुढे धरला. तेवढ्यात भिंतीला टेकून बसलेले दादा बोलले, "नानी, दोन वर्सं हिनं डोक्यात फूल घातलं न्हाई, ते कुणापायी? शोभाच्याच हातनं माळलं पायजे. शोभा, हो म्होरं." मी रुमाल घेऊन पुढे झाले. अक्कांचे केस फार विरळ झाले होते, फुलं ठरेनात. तिसऱ्यांदा ठरली.

गेल्या आठवड्यात पुन्हा पलूसला गेले होते. दादा वाफ्यातले तुरे कात्रीने एका उंचीवर कापत होते, जवानांची रांग लावल्यासारखे. मी फुलं वेचत होते. काठी टेकत नानी परड्यात आल्या आणि बराच वेळ वाफ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "एक रोप दे गं मला."

"देवाला फुलं हवीत का, नानी?"

दादा लांब आहेत ना, हे त्यांनी आधी बघून घेतलं.

"देवाला जास्वंद हाय की दारात..." त्या म्हणाल्या. "ही मला पायजे."