अर्थिंगचा आकडा

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. आईजवळ नाही, वसतिगृहातल्या मैत्रिणीजवळही नाही. सांगायचं ठरवून दोनदा बसले, आणि दोन्ही वेळा परीक्षेबद्दलच बोलत राहिले. लिहिताना समोरच्याच्या डोळ्यांत बघावं लागत नाही. एवढी सोयसुद्धा मी घ्यायला नको होती — पण घेते आहे.

मी सेलूला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. कॉलेज सुटलं की एका लायसन्सवाल्या इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टरच्या ऑफिसात बसते. दवाखाने, शाळा, अभ्यासिका यांना विद्युत सुरक्षेचं प्रमाणपत्र लागतं. सरांचा माणूस जागेवर जाऊन मोजमापं घेतो, मी ती कॉम्प्युटरवर भरते, सर सही करतात. मुदत एक वर्ष.

ही नोकरी मला उत्तमकाकांनी लावून दिली. ते वडिलांचे चुलतभाऊ, गावातले वायरमन. सहावीत शाळा सुटलेली, पण गावातल्या निम्म्या घरांत दिवा त्यांच्या हातानं लागलेला. विहाराच्या अभ्यासिकेचं सगळं वायरिंग त्यांनी फुकट केलं. मी कॉलेजला जायला लागल्यापासून ते भेटेल त्याला सांगत, "आमची पोरगी करंटचं शिकायलीय. आता मला तिला इचारून पक्कड धरावी लागंल."

हे ऐकून मला बरं वाटायचं. फार बरं वाटायचं. सगळं तिथूनच सुरू झालं का? कदाचित.

अभ्यासिकेच्या आधीच्या प्रमाणपत्राची मुदत आदल्या वर्षीच्या ऑगस्टमध्येच संपली होती, कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. गेल्या मेमध्ये अनुदानाच्या फाईलला ते मागितलं, तेव्हा धावपळ झाली. सरांचा माणूस लग्नाला गेलेला. सर मला म्हणाले, "तुझ्याच गावचं आहे. शनिवारी जाताना अर्थिंगचं मीटर ने. उत्तमराव खुंट्या ठोकतील, तू आकडा लिहून आण. येतं ना लावता?"

मी हो म्हणाले.

येत नव्हतं. त्या मीटरला तीन तारा असतात. एक अर्थिंगला, म्हणजे गळणारी वीज मातीत उतरवायला जमिनीत पुरलेल्या पट्टीला जोडायची, उरलेल्या दोन लांब ठोकलेल्या लोखंडी खुंट्यांना. पुस्तकात आकृती पाहिली होती, मीटर कधी हातात धरलं नव्हतं. उत्तमकाकांनी मात्र सरांच्या माणसाला मदत करताना ते कितीदा तरी पाहिलं होतं. दोघांनी मिळून अर्ध्या तासाचं काम. मला फक्त एवढंच म्हणावं लागलं असतं — काका, मला येत नाही, तुम्ही सांगा.

ते मला म्हणता आलं नाही.

रविवारी सकाळी काका हातोडा घेऊन विहारापाशी थांबले होते. मी घरूनच फोन केला. म्हटलं, सरांचा माणूस परवाच येऊन मोजून गेलाय.

"कवा आलता? मला तर दिसला न्हाई."

"तुम्ही कामावर होता."

"बरं. पर अर्थिंगचा खड्डा लय वाळलाय, माय. हात जाईल एवढ्या भेगा पडल्यात. आकडा बरा आला का?"

"बरा आलाय."

मीटर माझ्या पलंगाखाली होतं. पेटी उघडलीसुद्धा नव्हती.

सोमवारी मी जुनी फाईल काढली. मागचं मोजमाप ऑगस्टमधलं, काळी माती पाण्यानं फुगलेली असतानाचं — २.८ ओहम. मी २.९ लिहिलं. का? तोच आकडा उतरवून काढला असं कुणाला वाटू नये म्हणून. माती वाळली की हा आकडा चढतो आणि गळणारी वीज जमिनीत नीट उतरत नाही, हे मला ठाऊक नव्हतं असं कसं म्हणू? त्याच सत्रात त्या प्रश्नाला मला पूर्ण गुण मिळाले होते.

दहा-बारा दिवसांनी अभ्यासिकेतला पाण्याचा कूलर बंद पडला. काकांनी त्याची मोटर दुरुस्त केली. दुसऱ्या दिवशी गयामावशी — त्या अभ्यासिका झाडतात — पाणी घ्यायला गेल्या आणि तोटीला चिकटल्या. एका मुलीनं पळत जाऊन मेन स्विच पाडला म्हणून वाचल्या. त्यांच्या उजव्या हाताची बोटं आता पुरती उघडत नाहीत. वंदनेला हात जोडतात तेव्हा तळवे एकमेकांना टेकत नाहीत. मी तिकडे बघत नाही.

विहारात समितीची बैठक बसली. सरांनी फाईल देऊन मलाच पाठवलं. मागून कुणीतरी म्हणालं, "फुकटचं काम असंच असतंय, उत्तमराव." काका माझ्याकडे वळले. "माय, तू वाच बरं. अर्थिंगचं काय लिवलंय?"

मी वाचलं. "दोन पूर्णांक नऊ ओहम. समाधानकारक." माझा आवाज जरासुद्धा कसा कापला नाही, हे मला अजून कळत नाही.

"मजी चांगलं?"

"चांगलं, काका."

मला वाटलं होतं ते भांडतील. खड्ड्याचं बोलतील, भेगांचं बोलतील, तुझा माणूस कुणालाच कसा दिसला नाही असं विचारतील. त्यांनी आपल्या तळहातांकडे पाहिलं. "मंग मोटर बसवताना माझ्याच हातून तार ढिली राह्यली असंल. कागद खोटं कशाला बोलंल?"

तेव्हा बोलायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. मी फाईलची दोरी बांधली. नीट, दोन गाठी मारून.

पुढे सरांनी माणूस पाठवून खड्ड्यात नवा मीठ-कोळसा भरून घेतला. मला काही विचारलं नाही. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं का? नसतं सांगितलं, असं वाटतं.

काकांनी गयामावशींसमोर हात जोडले. मग लोक कामाला सेलूहून वायरमन बोलवायला लागले. दिवाळीत आमच्या घरचा पंखा बंद पडला. आईनं काकांना हाक मारली. ते आले, पंख्याखाली उभे राहिले, वर बघत राहिले. पक्कड खिशातून काढलीच नाही. "सेलूहून कुणाला तरी आण, माय," मला म्हणाले. "माझा हात आता भरवशाचा न्हाई."

दिवाळीनंतर ते आणि काकू ऊसतोडीच्या टोळीबरोबर गेले. काकांनी याआधी कधी कोयता धरलेला नव्हता.

ते प्रमाणपत्र अभ्यासिकेत दाराशेजारी काचेच्या चौकटीत लावलेलं आहे. आकडा, सरांची सही, शिक्का. मुलं त्याखाली बसून अभ्यास करतात. त्याची मुदत येत्या मेपर्यंत आहे.