दाबलं की पाणी पळतं
ताई आमच्या खालच्या मजल्यावर राहते. माझ्याहून बरीच मोठी. मैत्री पुस्तकांच्या देवघेवीतून झाली. मोठ्या हॉस्पिटलातली नोकरी सोडून तिने दोन खोल्यांचा दवाखाना थाटला. एकीत बाकं, दुसरीत सोनोग्राफीचं मशीन. दिवसभर लोकांचे झिजलेले गुडघे. तिची आई म्हणते, "हिला चेहरे आठवत नाहीत, गुडघे बरोबर ओळखते."

तिचं काम मी गेल्या महिन्यात पहिल्यांदा पाहिलं. अजून सावरलो नाही.

आमच्या इमारतीला रंग देणाऱ्या काकांना घेऊन गेलो होतो. त्यांचा उजवा गुडघा वाकेनासा झालेला. सोबत मुलगा. तोही रंगारीच. त्याचं एकच म्हणणं : शिडी बंद, आता घरी बसा.

"घरी बसलो की संपलो," काका म्हणाले. "बाई, तुम्ही याला खोटं सांगा."

"आधी खरं काय ते तर बघू."

तिने गुडघ्याखाली उशी सरकवली, जेल लावलं. काका दचकले. "गार आहे हो! सांगायचं तरी!"

"सांगितलं असतं तर पाय काढून घेतला असता."

तिने मशीनचा प्रोब गुडघ्यावर फिरवला. पडद्यावर करडे पट्टे. मला काही कळेना. ताईने बोट ठेवलं. "हाडाला कडेने टोकं आलीत. झीज आहे. पाणी साठलं असतं तर काढता आलं असतं, पण ते दिसत नाही."

"बघा," मुलगा म्हणाला, "करण्यासारखं काही उरलंच नाही."

काकांचा चेहरा उतरला.

ताईने स्वतःच्या हाताकडे पाहिलं. "थांबा. माझं चुकलं. प्रोब दाबला गेला. दाबलं की पाणी बाजूला पळतं."

तिने आणखी जेल ओतलं. करंगळी पायावर टेकवली आणि प्रोब नुसता ठेवला, झोपलेल्या बाळावर हात ठेवावा तसा. पडद्यावर काळी पट्टी उमटली. पाणी.

चूक अशी सगळ्यांसमोर, सहज सांगणारी ही बाई माझी मैत्रीण. मी उगाच ताठ उभा राहिलो.

मग सुई. पडद्यावर ती पांढऱ्या रेघेसारखी काळ्या पट्टीत शिरली. सिरिंजमध्ये पिवळसर पाणी आलं. थोड्या वेळाने काकांनी गुडघा वाकवला. वाकला.

"झाले बरे?" मुलाने विचारलं.

"नाही. झीज राहणार. मांडीचा व्यायाम रोज करायचा. पाणी परत भरतंय का, ते मी बघत राहीन. शिडीचं पुढच्या वेळी."

काल पुढची वेळ होती. पडद्यावरची काळी पट्टी बारीक झाली होती. ताई म्हणाली, "अर्धी शिडी. वरचं मुलगा रंगवेल."

काका मुलाकडे वळले. "वरचं नीट कर रे. खालून सगळं दिसतं मला."