काचेमागचा पट्टा

माझा भाऊ शर्यतीच्या गाड्यांसाठी पट्टे शिवतो. शिवतो म्हटलेलं त्याला खपत नाही. तो ते 'घडवतो'. पूर्वी बॅगांचे बंद शिवायचा, तेव्हा माणसासारखा बोलायचा. शेजारच्या गॅरेजवाल्याने एकदा शर्यतीच्या गाडीसाठी पट्टा मागितला आणि दादाच्या अंगात शास्त्रज्ञ शिरला.

प्रयोगाला माणूस लागतो. तो आमच्या ह्यांच्या रूपाने घरातच होता. चाकं लावलेल्या फळीवर जुनी सीट ठोकून, तीत ह्यांना बांधून दादा गल्लीच्या उतारावरून सोडून द्यायचा. खाली टायरांचा ढीग. पहिल्या खेपेला पट्टा फक्त कमरेला होता. ह्यांचं नाक स्वतःच्याच गुडघ्यावर आपटलं. दादाने खांद्यांवरून दोन पट्टे वाढवले. मग हे पट्ट्यांखालून घसरून थेट रस्त्यावर आले. "पट्ट्याला काही झालं नाही!" दादा आनंदाने ओरडला. त्यानंतर मांड्यांमधून जाणारे पट्टे आले. ते किती आवळायचे हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. त्या विषयावर आमचे हे आजही बोलत नाहीत.

पट्टे मात्र उत्तम निघाले. आमचा मुलगा शर्यती करतो. गेल्या मोसमात त्याची गाडी कोलांट्या खात उलटी पडली, आणि हा मामाच्या पट्ट्यात लोंबकळत शिव्या देत होता. त्या शिव्या ऐकून मी ढसाढसा रडले.

दादाने तो पट्टा दुकानात काचेमागे लावला. गिऱ्हाईक आलं की त्यावरचा दिवा लागायचा. "जन्मात तुटणार नाही!" आणि त्याच तोंडाने तो लोकांना बजावायचा, की एकदा मोठा झटका खाल्लेला पट्टा ताणला जातो, दुसरा झटका झेलायची ताकद त्यात राहत नाही, फेकून द्या. नियम इतरांच्या मालाला. स्वतःच्या मालाचं त्याला फार कौतुक.

यंदाच्या पहिल्या शर्यतीला मुलगा गाडीत बसला आणि मी पाहिलं, खांद्यांवर तोच खरचटलेला पट्टा.

"दुकानातून उचलला," तो म्हणाला. "लकी आहे, आई."

"काढ आधी तो!"

"मामाच म्हणतो ना, जन्मात तुटणार नाही?"

मी दादाकडे पाहिलं. भोवती त्याची सगळी गिऱ्हाइकं उभी होती. हा आता भाषण ठोकणार आणि माझं पोरगं जिवानिशी जाणार, असं वाटलं.

"नको रे तो. नवा देतो," दादा पुटपुटला.

"का? आता काय झालं?"

गाड्या रांगेत बोलावल्या गेल्या. मुलाने इंजिन चालू केलं. तेव्हा दादा सगळ्यांना ऐकू जाईल असा ओरडला, "थापा मारत होतो मी! हा पट्टा बाद आहे! माझाही ताणला जातो!"

पोराला ती थट्टाच वाटली. दादाने खिशातली कात्री काढली आणि खांद्यांवरचे दोन्ही पट्टे कापून टाकले.

शर्यत हुकली. मुलाने हेल्मेट जमिनीवर आपटलं. दोन गिऱ्हाइकं तिथेच आपापले पट्टे निरखायला लागली, आणि काही हसलीही.

घरी जायला आम्ही गाडीत बसलो. तीनदा प्रयत्न करूनही दादाला स्वतःच्या पट्ट्याचं साधं बकल लागेना. मी ते लावून दिलं आणि त्याचा हात घरापर्यंत सोडला नाही.