सीडर फोर्कची फर्स्ट लेडी

लिओटा वाईडनर सीडर फोर्कच्या शाळेत एकतीस वर्षं चौथीला शिकवत होती. त्यातली एकोणीस वर्षं मी तिच्या शेजारच्या वर्गात तिसरीला शिकवत होते. मधली भिंत प्लायवुडची. त्यामुळे माझ्या मुलांचा चौथीचा इतिहास एक वर्ष आधीच पाठ व्हायचा आणि तिसरीचं गणित कच्चं राहायचं.

लिओटा उंच, हाडकुळी आणि बोलायला सावकाश. लग्न केलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणायची, दरवर्षी अठ्ठावीस मुलं होतात, आणखी कशाला?

इतिहास म्हणजे फक्त टेक्सासच्या अलामो किल्ल्याची लढाई, असं मानणाऱ्यांवर तिचा भारी राग. ती मुलांना चपलांच्या खोक्यात घरामागची माती आणायला लावायची. आजोबांना जाऊन विचारा म्हणायची, तुम्ही लहानपणी ज्या झऱ्यात डुंबलात तो आता कुठे आहे? आजोबा खाकरायचे, झरा आटल्याचा दोष शेळ्यांना द्यायचे, मग कुंपणांना, आणि शेवटी स्वतःच्या वडिलांना. मुलं ते सगळं वहीत लिहून आणायची. टेक्सासच्या आमच्या टेकड्यांचा इतिहास असा खोक्याखोक्यांनी वर्गात जमा व्हायचा.

मार्च आला की फर्स्ट लेडींचा धडा. राष्ट्राध्यक्षांच्या बायका म्हणजे नुसत्या मेजवान्यांना उभ्या राहणाऱ्या बायका नव्हेत, हे तिला मुलांना सांगायचं असे. टाफ्टबाईंनी राजधानीत चेरीची झाडं लावली. महायुद्धात रूझवेल्टबाईंनी व्हाइट हाऊसच्या हिरवळीवर भाजी पिकवली. आणि आमच्या टेक्सासच्या लेडी बर्ड जॉन्सन. हमरस्त्यांच्या कडेला जाहिरातींचे फलक आणि भंगार मोटारी यांची रांग लागली होती, ती हटवून तिथे रानफुलं यावीत यासाठी कायदा व्हावा म्हणून त्या हात धुऊन मागे लागल्या.

सत्त्याऐंशी सालच्या मार्चमध्ये हा धडा चालू असताना मारिसेला कांतू नावाच्या मुलीने हात वर केला.

"बाई, त्यांना निवडून कुणी दिलं?"

"कुणी नाही."

"पगार?"

"तोही नाही."

"मग त्यांचं ऐकतात कशाला?"

"न ऐकून जाणार कुठे? रात्री जेवायला घरीच यायचं असतं."

मारिसेलाला हे पटलं. तिने पुढचा प्रश्न काढला. मग आपल्या गावची फर्स्ट लेडी कोण?

आता आमच्या गावच्या महापौर होत्या ग्लॅडिस ऑटमर्स. अठ्ठावीस डोकी विचार करतायत हे मला भिंतीपलीकडून कळत होतं. मग मारिसेला म्हणाली, "म्हणजे त्यांचे मिस्टर." माझ्या हातातल्या खडूचे दोन तुकडे झाले.

ग्लॅडिसचे मिस्टर म्हणजे हिल्मार. सव्वाशे किलोचा गडी, झुपकेदार मिशा, गावाच्या वळणावर सॉसेजचं दुकान. दुकानाच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला त्याचा फलक होता: स्वयंपाक्याची टोपी घातलेलं हसरं डुक्कर, आणि त्याच्या पायाशी दुकानाकडे दाखवणारा बाण. हा बाण झाकला जाऊ नये म्हणून हिल्मार दर एप्रिलमध्ये ट्रॅक्टर काढून कडेचं सगळं रान कापून टाकायचा. नेमकं तेव्हाच निळी ब्लूबॉनेटची फुलं शेंगांवर आलेली असायची. बी पडायच्या आधीच सफाया.

मुलांनी पत्र लिहिलं. लिओटाने त्यातल्या शुद्धलेखनाच्या दोन चुका दुरुस्त केल्या आणि पाकिटाला तिकीट लावलं. पत्र असं होतं:

"प्रिय फर्स्ट लेडी हिल्मार ऑटमर्स, हे पद मिळाल्याबद्दल अभिनंदन. तीन वर्षं झाली, तुम्ही अजून काहीच केलेलं नाही. तुमच्या आधीच्या बायकांनी खूप काम केलं आहे. कृपया शेंगा वाळेपर्यंत थांबा."

पत्ता महापौर कार्यालयाचा, म्हणून पाकीट ग्लॅडिसने फोडलं. तिने ते गावसभेत मोठ्याने वाचलं, 'आधीच्या बायकां'शी थांबली आणि नवऱ्याकडे चष्म्यावरून बघत म्हणाली, "या कुठल्या? मला कधी सांगितलं नाहीस."

दुसऱ्या दिवसापासून हिल्मारचं जगणं अवघड झालं. पेंडीच्या दुकानात तो शिरला की म्हातारे उठून टोपी काढत, खुर्ची पुढे करत, "बसा मॅडम" म्हणत. न्हाव्याने विचारलं, कुरळे करू का?

मुख्याध्यापकांनी लिओटाला बोलावून माफी मागायला सांगितलं. ती म्हणाली, मुलांची चूक असेल तर मागते, चूक दाखवा. त्यांनी पत्र दोनदा वाचलं आणि खिडकी उघडली. पण नंतर गाडीपाशी ती दाराला घराचीच किल्ली लावत राहिली. आता आपल्याला घरी बसवणार, असं तिला वाटत होतं. घरी बसून करणार काय, असं ती मला दोनदा म्हणाली.

शुक्रवारी हिल्मार शाळेत आला. कामावरचा ॲप्रन तसाच. मी माझा वर्ग सरळ भिंतीकडे तोंड करून बसवला आणि स्वतः चौथीच्या दारात जाऊन उभी राहिले.

तो चौथीच्या एवढ्याशा खुर्चीवर बसला. खुर्ची टिकली.

"माझं काम काय ते सांगा," तो म्हणाला.

मारिसेलाने गेल्या साली जपून ठेवलेली वाळकी शेंग त्याच्या तळहातावर ठेवली. ती तडकली की बी आपोआप उडतं, पण तडकायला वेळ द्यावा लागतो, हे तिने त्याला दमाने समजावलं.

"पण बाण दिसला नाही तर लोक सरळ पुढे निघून जातात, बाळ."

"मग बाण वर घ्या. टोपीवर."

हिल्मारने शेंग ॲप्रनच्या खिशात ठेवली. "टोपी माझ्या आईने रंगवलीय. तिच्यावर काही काढणार नाही."

लिओटा मदतीला आली नाही, ती खडूची पेटी नीट लावत राहिली. मग मागून कुणीतरी म्हणालं, "डुकराचा हात वर करा ना, दुकानाकडे."

"हात चालेल," हिल्मार म्हणाला. उठताना तो लिओटाकडे वळला. "शाळेत तू मला वही बघू द्यायची नाहीस. अजून तशीच आहेस."

"आणि तू अजून सोमवारचा गृहपाठ शुक्रवारी विचारायला येतोस," ती म्हणाली.

हात त्याने स्वतः रंगवला. डुक्कर आता गिऱ्हाइकाला हाकलून देतंय असं दिसायचं, पण दिसायचं लांबून. त्या वर्षी ट्रॅक्टर जूनमध्ये निघाला. पुढच्या वसंतात फुलं जेमतेमच आली आणि मुलं हिरमुसली. तिसऱ्या वर्षी मात्र वळणापासून पुलापर्यंत कड निळीशार झाली.

मधे ग्लॅडिस निवडणूक हरली. नवा महापौर विधुर निघाला. हिल्मारने गावसभेत उभं राहून सांगितलं, जागा रिकामी आहे, तेव्हा काम मीच पुढे चालू ठेवतो. ठराव एकमताने झाला.

दर मार्चमध्ये तो ॲप्रन काढून, भांग पाडून चौथीच्या वर्गात यायचा आणि फर्स्ट लेडींवर चाळीस मिनिटं बोलायचा. लिओटा मागे भिंतीला टेकून उभी. एकदा मी तिला म्हटलं, अगं, तो सनावळ्या सगळ्या चुकीच्या सांगतो.

"ऐकते ना मी."

"मग दुरुस्त का करत नाहीस?"

"मला कशाला करावं लागतंय? मुलं करतात."