फोरमनमामांची टाच

फोरमनमामांना बिघडलेली कुठलीही वस्तू नुसत्या कानानं कळायची. सातपूरच्या कारखान्यात मशीन कुरकुरलं, की ते कँटीनमध्ये चहा पिता पिता सांगायचे, "बेअरिंग गेलं." आमच्या कॉलनीतले मिक्सर, कुकर आणि नवराबायकोची भांडणं यांचं निदान ते भिंतीपलीकडून करत. खोटं वाटेल, पण माझा खोकला ऐकून "ग्रीस कमी पडलंय" म्हणत त्यांनी मला वाटीभर तूप पाजलं होतं. खोकला पळालाच, भूकही आठवडाभर फिरकली नाही.

"रिटायर झालो की" हे त्यांचं पालुपद. मामी दर श्रावणात तिसऱ्या सोमवारी कॉलनीतल्या बायकांबरोबर त्र्यंबकेश्वरला ब्रह्मगिरीची फेरी करायच्या. मामांची नेमकी शिफ्ट असे. "रिटायर झालो की दोघं जाऊ," हे ते इतकी वर्षं म्हणत होते, की वाट बघून ब्रह्मगिरी दोन बोटं खचला असेल. अखेर रिटायर झाले, गळ्यातला हार सुकला नाही तोच टाच धरली. सकाळी पलंगावरून पाऊल टेकलं, की आत खिळा ठोकल्यासारखी कळ. पंचाईत अशी, की टाच आवाजच करत नव्हती. तिथं मामांची विद्या खुंटली.

रुईची पानं झाली, विटेचा शेक झाला, गोळ्या झाल्या. शेवटी कोणीतरी ॲक्युपंक्चरवाल्या डॉक्टरीणबाईंचं नाव सांगितलं. मामांना मीच स्कूटरवर घेऊन गेलो. बाईंनी केसाएवढ्या सुया काढल्या आणि पहिली टोचली ती पोटरीत. मामा उठून बसले.

"मॅडम, दुखतंय टाचंत! बल्ब गेला वऱ्हांड्यातला अन् तुम्ही खोलताय किचनमधलं बटण?"

"वायरिंग एकच आहे ना, मामा?" बाई म्हणाल्या.

हे उत्तर मामांना असं पटलं, की पुढच्या सुया त्यांनी डोळे मिटून घेतल्या. म्हणजे ओरडले, पण डोळे मिटून. त्या आवाजानं एमआयडीसीतले अर्धे कामगार सुट्टी झाली समजून डबे उचलून निघाले, असं मी सगळ्यांना सांगतो.

काही दिवसांत सकाळची कळ निम्म्यावर आली आणि इथंच मामांमधला फोरमन जागा झाला. दुरुस्त केलेलं मशीन फुल लोडवर चालवल्याशिवाय पार्टीला द्यायचं नाही, हा त्यांचा जन्माचा नियम. कोणाला न सांगता त्यांनी गव्हाचं पोतं खांद्यावर घेतलं आणि पांडवलेणीच्या पायऱ्या चढले. चढले ते ऐटीत. खाली मात्र चौघांनी आणले, आणि पाचव्यानं गहू.

डॉक्टरीणबाई भडकल्या. "सुयांनी दुखणं कमी झालंय, टाच अजून भरून आलेली नाही. टाच आहे ती, ट्रक नाही! यंदाच्या फेरीचं मी काही सांगू शकत नाही."

घरी मामी कणीक मळत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मी बायकांना नाही म्हणून सांगितलंय. आता जाईन तर तुमच्यासंगं. नाहीतर कधीच नाही."

मामांना त्या वाक्यापुढं सुया म्हणजे गुदगुल्या वाटल्या असाव्यात. त्या दिवसापासून माणूस हट्टाला पेटला. सुयांची पाळी चुकवली नाही. बाईंनी सांगितलेले पोटरीचे ताण सकाळ-संध्याकाळ भिंतीला हात लावून असे दिले, की शेजाऱ्यांना वाटलं, मामा भिंत रस्त्यावर ढकलतायत. घरातसुद्धा मऊ तळव्याच्या चपला. चालणं रोज थोडंच वाढवायचं. मन झालं तरी जास्त नाही. श्रावण लागला तेव्हा बाई म्हणाल्या, "जा. पण बूट घालून, थांबत थांबत."

फेरीत अनवाणी बायकांनी मामांना घेरलंच. "अहो मामा, देवाच्या वाटेवर बूट?"

"मॅडमनी परवानगी दिलीय. देवाचं मी बघून घेतो," मामा म्हणाले आणि चिखलातून पुढं निघाले. सकाळी निघालेलं हे जोडपं त्र्यंबकला परत आलं तेव्हा दिवे लागले होते. कॉलनीतल्या बायका केव्हाच घरी जाऊन जेवल्या होत्या.

मामा पुढच्या माघात गेले. छातीनंही आवाज केला नाही.

यंदा मामी एकट्याच फेरीला निघाल्या, तसा मीही सोबत गेलो. वाटेत न राहवून विचारलं, "मामी, त्या दिवशी दिवसभर दोघं बोलत तरी काय होतात?"

"बोलतंय कोण? अरे, इतकी वर्षं ह्यांची शिफ्ट सुटायच्या आत घर गाठायचं, म्हणून मी पळतच फेरी केली. पुढच्या बाईची पाठ तेवढी दिसायची. त्या दिवशी ह्यांच्या पावलानं चालले, आणि पहिल्यांदा डोंगर बघितला."

मागून एक घोळका 'बम बम भोले' करत आम्हाला ओलांडून गेला. मी नकळत पाय उचलला, तशी मामींनी माझी बाही धरली.

"हळू रे. ह्यांची चाल मोडू नको."